माळ्यावरचा संगणक

जुने ग्रामोफोन आणि जुनी घड्याळे जमवणारी माणसे पूर्वीपासून आहेत. जुने संगणक जमवणारी जमात त्या मानाने नवी. मी तिच्यातलाच एक. आमच्या घरी या छंदाला 'भंगार' असा सुटसुटीत शब्द आहे. मी तो निमूटपणे ऐकून घेतो, कारण कपाटाचा वरचा कप्पा अजून माझ्या ताब्यात आहे!

ही यंत्रे दुकानात मिळत नाहीत. ती असतात कुणाच्या माळ्यावर, नाहीतर पलंगाखालच्या ट्रंकेत. मालक सांगतो, "ठेवला तेव्हा अगदी उत्तम चालत होता हो!" हे बहुधा खरेही असते. फक्त ठेवला केव्हा, एवढेच विचारायचे.

मध्यंतरी ठाण्याला नौपाड्यात एका निवृत्त गृहस्थांकडे गेलो होतो. टेबलावर टर्किश टॉवेलमध्ये गुंडाळलेला 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' होता. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने १९८२ साली इंग्लंडात स्पेक्ट्रम काढला. त्याचीच पुढची आवृत्ती १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन आपल्याकडे आणली. स्मृती सारी ४८ किलोबाइट! सकाळी मोबाइलवर येणाऱ्या 'शुभ प्रभात'च्या एका चित्रालाही बहुधा याहून जास्त जागा लागते. पण त्या काळी काकांचा दोन महिन्यांचा पगार त्यात गेला होता. मुलाने हट्टच धरला होता म्हणे. मुलगा आता परदेशी.

"थांबा, लावूनच दाखवतो," म्हणून काका उठले आणि वायर घेऊन भिंतीकडे निघाले. मी जवळजवळ ओरडलोच, "काका, नको!"

ते दचकले. साहजिक आहे. विकणारा चालू करून दाखवतो म्हणतो आणि घेणारा नको म्हणतो, हा व्यवहार जरा उलटाच. पण या यंत्राला चालू-बंद करायचे बटणच नाही. पिन खोचली की वीज थेट आत. तीस-पस्तीस वर्षांत आतले कपॅसिटर सुकलेले असतात. नीट दाब मिळाला नाही तर तिथला एक चिमुकला ट्रान्झिस्टर जातो, आणि जाताना स्मृतीच्या चिपाही बरोबर नेतो. शिवाय अॅडॅप्टर मूळचाच हवा. साध्या अॅडॅप्टरच्या पिनेत आतला भाग बहुधा धन असतो, स्पेक्ट्रमला तो ऋण लागतो. हे ज्ञान मला फुकट मिळालेले नाही. माझ्या पहिल्या स्पेक्ट्रमला मी उत्साहाच्या भरात घरातल्या रेडिओचा अॅडॅप्टर लावला होता. पुढचे सांगत नाही; हिला त्या वासाची अजून आठवण आहे.

तेव्हा अशा वेळी पाहायचे ते डोळ्यांनी आणि नाकाने. मागच्या जोडपट्टीवर हिरवट गंज आहे का? स्क्रूंची डोकी खरवडलेली आहेत का, म्हणजे आधी कुणी आत हात घातला आहे का? हलवल्यावर काही खुळखुळते का? आणि दुसऱ्याच्या घरी झाकण उघडू नये. कळफलकाच्या दोन पातळ प्लॅस्टिकच्या पट्ट्या वयाने कडक झालेल्या असतात, हिसका बसला की तुटतात.

काकांनी सहा हजार सांगितले. मी म्हणालो, "चालू असेल तर सहा योग्यच आहेत. पण ते आज कळणार नाही. बंद आहे असे धरून तीन देतो." त्यांना ते पटले नाही, पण माळा रिकामा करायचा होता. कॅसेटचा एक डबाही त्यांनी पिशवीत घातला. एका कॅसेटवर बालबोध अक्षरात लिहिले होते, 'पाढे.'

घरी आल्यावर आधी मल्टिमीटरने अॅडॅप्टर तपासला, कपॅसिटर बदलले आणि मग देवाचे नाव घेऊन पिन खोचली. पडदा काळा झाला, मग पांढरा, आणि तळाशी सिंक्लेअरची १९८२ सालची ओळ उमटली! निम्मी बटणे मुकी होती. पण कळफलकाचा तो पातळ पडदा परदेशात अजून नवा बनतो. तो मागवून बसवला.

आता प्रश्न पडला तीन हजारांचा. खुशाल म्हणता आले असते की जोखीम माझी होती, दुरुस्ती माझी होती. दोन दिवस तसे म्हणूनही पाहिले. पण मशीन सुरू होईल, असा अंदाज मला नौपाड्यातच आला होता, आणि तो मी काकांना सांगितला नव्हता. अखेर फोन केला. खर्च वजा जाता दोन हजार निघत होते, ते आणून देतो म्हणालो.

"पैशांचं राहू द्या. ती पाढ्यांची कॅसेट लावलीत का?"

"अजून नाही."

"मग लावू नका. रविवारी आम्ही दोघं येतो."

रविवारी आले. टेपरेकॉर्डर किंचाळू लागला, पडद्याच्या कडेला पट्टे पळू लागले. दोनदा वाचण्यात चूक झाली. तिसऱ्यांदा कॅसेट लागली आणि प्रश्न आला, १७ गुणिले ८. पैशांचे पाकीट काकूंनी एव्हाना शांतपणे आपल्या पर्समध्ये टाकले होते. काकांनी एका बोटाने १३६ दाबले, आणि पडद्यावर रोमन लिपीत 'शाब्बास' उमटले.