बहुविश्व : एक संज्ञा, तीन अर्थ

‘विश्व’ हा शब्द मूळ संस्कृतात ‘सर्व’ या अर्थाचा आहे. त्या अर्थी ‘अनेक विश्वे’ हा प्रयोग वदतोव्याघातच ठरतो. म्हणून बहुविश्वाच्या कल्पनेस पदार्थविज्ञानाचा आधार आहे काय, हे ठरविण्यापूर्वी या संज्ञेचे अर्थ निराळे केले पाहिजेत. ते निदान तीन आहेत.

पहिला अर्थ साधा आहे. आपणांस दृश्य होऊ शकणाऱ्या विश्वाची त्रिज्या सुमारे ४६ अब्ज प्रकाशवर्षे आहे. त्यापलीकडेही अवकाश आहे, हे बहुतेक शास्त्रज्ञांस मान्य आहे. परंतु यास ‘दुसरे विश्व’ म्हणणे हा केवळ नामकरणाचा प्रश्न होय.

दुसरा अर्थ गूथ यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या आद्य अतिवेगवान प्रसरणाच्या सिद्धांतातून निघतो. हे प्रसरण सर्वत्र एकाच वेळी थांबत नसावे आणि त्यात बुडबुड्यांप्रमाणे पृथक् विश्वे उपजत असावीत, असा विचार पुढे विलेन्किन व लिंडे यांनी मांडला. तिसरा अर्थ एव्हरेट यांच्या १९५७ मधील पुंजयामिकीच्या विवरणावर आधारलेला आहे. त्यानुसार मापनाची सर्व संभाव्य फले सारखीच वास्तव असतात.

आता आधाराविषयी. अदृश्य वस्तू मानणे हे स्वतः अशास्त्रीय नव्हे. कृष्णविवराचे अंतरंगही आपण पाहू शकत नाही. मूळ सिद्धांत अन्यत्र कसोटीस उतरला आहे काय, आणि त्यातून हे अनुमान अपरिहार्यपणे निघते काय, हे दोनच प्रश्न महत्त्वाचे होत. आद्य प्रसरणाची अनेक भाकिते विश्वाच्या पार्श्वप्रारणाशी जुळतात. तथापि ते प्रसरण अखंड चालते, हे त्याच्या प्रत्येक रूपातून निघत नाही. बुडबुड्यांच्या टकरींच्या खुणा २०११ मध्ये पार्श्वप्रारणात शोधल्या गेल्या. निर्णायक पुरावा मिळाला नाही. याउलट, वाइनबर्ग यांनी १९८७ मध्ये बहुविश्वाच्या विचारसरणीने विश्वस्थिरांकास घातलेल्या मर्यादेतच त्याचे १९९८ नंतर आढळलेले मूल्य बसते. हा आधार खरा, पण अप्रत्यक्ष आहे. एव्हरेट यांचे विवरण तर प्रचलित पुंजयामिकीचीच भाकिते देते. त्यामुळे व्यवहारात प्रयोग त्यांमध्ये निवड करू शकत नाही.

सारांश, बहुविश्व हा स्वतंत्र सिद्धांत नसून भिन्न सिद्धांतांचे भिन्न अनुमान आहे. एलिस व सिल्क यांनी २०१४ मध्ये इशारा दिला की, कसोटीची अट शिथिल केल्यास विज्ञानाची प्रतिष्ठाच धोक्यात येईल. तो इशारा योग्यच आहे. मात्र एका नामाखाली तिन्ही अर्थ एकदम स्वीकारणे जितके सदोष, तितकेच ते एकदम त्याज्य ठरविणेही सदोष होय.