रुईचा चीक आणि रक्तातला पंप

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना वाटेत अंजनेरीचा डोंगर लागतो. हनुमानाचा जन्म इथला, अशी श्रद्धा आहे. मारुतीला शनिवारी रुईच्या पानांची माळ घालतात. रुईचं पान तोडलं की पांढराशुभ्र चीक ओघळतो. त्या चिकात कॅलोट्रोपिनसारखी, थेट हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइडं असतात. कण्हेरीत ओलिअँड्रिन, पिवळ्या कण्हेरीच्या बियांत थेवेटिन, युरोपातल्या डिजिटॅलिसमध्ये डिगॉक्सिन. झाडं निरनिराळी, पण या साऱ्या विषांचं लक्ष्य मात्र एकच: पेशीच्या पडद्यातला सोडियम पंप.

हा पंप पाहायचा तर तांबडी रक्तपेशी घ्यावी. तिला केंद्रक नाही, मायटोकॉन्ड्रिया नाहीत. नुसत्या ग्लुकोजवर ती सुमारे 120 दिवस जगते. तिच्या आत पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं. बाहेर प्लाझ्मात नेमकं उलट. सोडियम सारखं आत झिरपतं, पोटॅशियम बाहेर. गळक्या होडीतलं पाणी उपसत राहावं, तसा पंप अखंड चालतो: एटीपीचा एक रेणू खर्चून 3 सोडियम बाहेर, 2 पोटॅशियम आत. आणि एका पेशीवर असे पंप किती? अवघे काहीशे!

ग्लायकोसाइडं या पंपालाच थांबवतात, हे 1953 मध्ये स्वित्झर्लंडच्या शाट्समान यांनी तांबड्या पेशींवरच दाखवलं. थंडीत ठेवलेल्या रक्तात पंप मंदावतो. पेशीतलं पोटॅशियम बाहेर जातं, सोडियम आत साचतं. ऊब आणि ग्लुकोज मिळताच पेशी पुन्हा सावरते. पण सोबत ग्लायकोसाइड असेल, तर ती सावरत नाही. पुढे 1957 मध्ये डेन्मार्कच्या येन्स स्को यांना हा पंप चालवणारं एन्झाइम खेकड्याच्या मज्जातंतूंत सापडलं. त्यासाठी त्यांना 1997 चं नोबेल मिळालं.

विषाला पेशीत शिरावंही लागत नाही. पंपाच्या बाहेरच्या अंगाला एक खाच असते, तिथे ते रुतून बसतं आणि पंप जागच्या जागी अडकतो. तांबड्या पेशीत गळती संथ असल्याने ती बराच वेळ तग धरते. हृदयाच्या पेशीत मात्र दर ठोक्याला सोडियम आत येतं. ते साचलं की कॅल्शियम बाहेर टाकणं मंदावतं, आणि वाढलेल्या कॅल्शियममुळे हृदय जोरात आकुंचन पावतं. म्हणून मोजकं डिगॉक्सिन थकलेल्या हृदयाला बळ देतं. मात्रा थोडी वाढली, की ठोक्यांची लय बिघडते.

म्हणूनच कुणी कण्हेरीची बी खाल्ली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता थेट रुग्णालय गाठावं. तिथे डॉक्टर ईसीजीबरोबर रक्तातलं पोटॅशियमही तपासतात. पंप बंद पडले की पेशींबाहेर पोटॅशियम वाढत जातं. शरीरभरचे किती पंप अडकले आहेत, याचा अंदाज त्या एका आकड्यावरून येतो.