गंज किती आहे ते नको, कुठे आहे ते बघा

कोकणात किंवा मुंबईच्या खाऱ्या हवेत पंधरा-वीस पावसाळे काढलेली मारुती 800 किंवा सँट्रो दारात उभी असली, की येणारा-जाणारा सल्ला देतोच. त्यातला सगळ्यात जास्त ऐकू येणारा सल्ला म्हणजे, ‘इंजिन ठणठणीत आहे ना, मग गाडी कशाला काढता?’

इंजिन उतरवून दुसरं बसवता येतं, गिअरबॉक्सही बदलता येतो. बदलता येत नाही ती बॉडी. बोलेरो किंवा जुन्या जीपला खाली वेगळी लोखंडी चासी असते आणि बॉडी तिच्यावर बोल्टने बसवलेली असते. मारुती 800 ला अशी चासी नाही. पत्रे एकमेकांना वेल्ड करून तयार झालेल्या पोकळ पेट्या हाच तिचा सांगाडा. शॉकअप, सीट, सीटबेल्ट या सगळ्यांचा जोर त्याच पत्र्यावर येतो. म्हणून बोनेटच्या कडेला किंवा दाराच्या तळाला पडलेलं भोक दिसायला वाईट असलं तरी जिवावर बेतत नाही. दार जुन्या बाजारातून आणून बदलता येतं. पण शॉकअपच्या माउंटिंगजवळचा, सीटबेल्टच्या बोल्टभोवतीचा किंवा दाराखालच्या उंबऱ्याचा पत्रा कुजला असेल, तर इंजिन कितीही गोड चालो, अपघातात ती गाडी आतल्या माणसांना सांभाळू शकत नाही.

रंगाखाली आलेल्या फोडाला ‘आत्ताच सुरुवात झाली आहे’ म्हणतात, तेही बहुतेकदा खरं नसतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो रंगाला आतून उचलतो. दगड लागून रंग उडालेल्या जागी गंज बाहेरून धरतो हे खरं, पण दार आणि उंबऱ्याचे फोड बहुधा आतून आलेले असतात. तिथे पाणी निचरायला तळाशी बारीक भोकं ठेवलेली असतात. ती लाल मातीने बुजली की पावसाचं पाणी पोकळीत साचतं, आणि हवेतल्या मिठामुळे गंजाचा वेग वाढतो.

तेव्हा मेकॅनिककडे खर्चाचा आकडा मागण्याआधी गाडी लिफ्टवर चढवायला सांगा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. पेचकसाच्या मुठीने उंबऱ्यावर ठोकत जा. निरोगी पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो आणि टोक दाबलं तर आत जातं. मग आतली रबरी मॅट आणि तिच्याखालचा जाड नमदा उचलून बघा. पुढच्या काचेचं रबर किंवा एसीची नळी गळत असेल, तर तो नमदा वर्षानुवर्षं ओला राहतो आणि फ्लोअर चाळणीसारखं होतं. ब्रेकच्या लोखंडी नळ्यांवर हात फिरवा. त्यांची खपली निघत असेल, तर बाकीचा निर्णय व्हायच्या आधी त्या बदलून घ्या.

‘पुट्टी मारून रंग दिला की दहा वर्षं बघायला नको’ हे आश्वासन धोक्याचं आहे. पुट्टीने खड्डा भरतो, ताकद येत नाही, आणि उघडी राहिली तर ती ओलावाही धरते. जुनी गाडी घेताना लोहचुंबक लावून बघा. जाड पुट्टीवर तो धरत नाही. गंज न काढता मारलेलं काळं कोटिंग त्याहून वाईट, कारण ओल आत कोंडते आणि वरून सगळं नवं दिसतं. खरी दुरुस्ती म्हणजे चांगला पत्रा लागेपर्यंत कापणं, त्याच जाडीचा नवा पत्रा वेल्ड करणं, प्रायमर लावणं आणि पोकळीत मेण किंवा तेल फवारणं. उंबरा कापताना बॉडीला आधार दिला नाही तर ती खचते आणि दारं नीट लागत नाहीत. हे काम जमणारा कारागीर गावात आहे का, हा प्रश्न पैशांच्या आधीचा.

झाकून ठेवलेली गाडी गंजत नाही, हाही असाच एक समज. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या कव्हरखाली ती लवकर कुजते. विम्यावरही भरवसा ठेवू नका, कारण झीज आणि गंज सर्वसाधारण पॉलिसीत बसत नाहीत.

पैशांचा हिशेब बाजारभावाशी लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जुन्या गाडीचा बाजारभाव इतका उतरलेला असतो, की साधं कामही त्याच्या वर जातं. पुढची चार-पाच वर्षं ती निर्धोक चालणार असेल, तर तेवढ्या पैशात दुसरी कोणती खात्रीची गाडी मिळते हे विचारा. उंबरा किंवा फ्लोअर एकाच जागी गेलं असेल तर दुरुस्ती करावी. माउंटिंग, उंबरे आणि फ्लोअर एकदम गेले असतील तर थांबावं.

पंधरा वर्षांनी गाडी भंगारातच जाते, हा समज दिल्लीच्या बातम्यांतून आला आहे. महाराष्ट्रात खासगी गाडीची तपासणी करून पाच वर्षांसाठी फेरनोंदणी होते, पर्यावरण कर भरावा लागतो. मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क 2022 मध्ये 600 वरून 5,000 रुपये झालं आणि 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या मोटारींसाठी 10,000 रुपये. हाही आकडा हिशेबात धरा.

आणि गाडी सोडायचीच ठरली, तर ती रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. आरसी तुमच्या नावावर राहते आणि त्या नंबरचा पुढे गैरवापर झाला तर चौकशी तुमच्या दारात येते. सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात द्या, तिथलं प्रमाणपत्र घ्या आणि आरटीओत नोंदणी रद्द झाल्याची खात्री करून घ्या. नवी गाडी घेताना त्याच प्रमाणपत्रावर करात सवलत मागता येते.