एका तोकड्या गुणसूत्राची हकीकत

चेन्नईतील मद्रास उच्च न्यायालयात ऑगस्ट २००७ मध्ये एका औषधासंबंधीच्या खटल्याचा निकाल लागला. न्यायालयात चर्चा झाली ती एकस्वाच्या, म्हणजे पेटंटच्या, कायद्याची. परंतु त्या औषधाचा उगम एका साध्या छायाचित्रात होता, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. ते छायाचित्र मानवी गुणसूत्रांचे होते.

मनुष्याच्या पेशीत गुणसूत्रे किती, हा प्रश्न वरवर पाहता केवळ मोजणीचा आहे. तरी त्याचे बिनचूक उत्तर मिळण्यास १९५६ साल उजाडावे लागले. तोवर पाठ्यपुस्तकांत ४८ हा आकडा छापला जात असे आणि विद्यार्थी तो पाठ करीत असत. जावा बेटात जन्मलेला त्जिओ आणि स्वीडनचा लेवान यांनी लुंड येथे पुन्हा मोजणी केली, तेव्हा संख्या ४६ भरली. पेशीत गुणसूत्रे एकमेकांवर पडलेली असतात. गुंतलेल्या दोऱ्यांची टोके मोजावीत तसेच ते काम होते.

हा गुंता सोडविण्याची रीत समजावून घेण्याजोगी आहे. शिरेतून थोडेसे रक्त घेतात. तांबड्या पेशींत केंद्रक नसल्याने त्या या कामी निरुपयोगी ठरतात. पांढऱ्या पेशी पोषक द्रवात, शरीराइतक्याच उबेत, सुमारे तीन दिवस वाढवितात. त्यांनी विभागू लागावे म्हणून राजम्याच्या बियांतून काढलेले एक द्रव्य त्यांत घालतात. गुणसूत्रे स्पष्ट दिसतात ती पेशी विभागत असताना, ऐन मध्यावर. तेव्हा नेमक्या त्या अवस्थेत पेशीला थोपवून धरावे लागते. हे काम कोल्चिसीन नावाचे विष, किंवा त्याच जातीचे दुसरे द्रव्य, करते. आपल्या कळलावीच्या कंदांत व बियांत हेच विष असते. ज्वालेसारखे दिसणारे कळलावीचे फूल तामिळनाडूचे राज्यपुष्प आहे, आणि त्या राज्यात बियांसाठी तिची लागवडही होते.

थोपविलेल्या पेशी सौम्य क्षारजलात ठेवल्या की फुगतात आणि गुणसूत्रे सुटी होतात. मग त्यांना रंग देऊन छायाचित्र घ्यावयाचे, एकेक गुणसूत्र कात्रीने कापावयाचे आणि लांबीच्या क्रमाने जोडीजोडीने कागदावर मांडावयाचे. या मांडणीस कॅरिओटाइप म्हणतात. कात्रीचे काम हल्ली संगणक करतो. जोडी बरोबर लागली की नाही, हे मात्र अनुभवी डोळाच पाहतो.

बावीस जोड्या स्त्रीपुरुषांत सारख्या असतात. तेविसावीत स्त्रीची दोन्ही गुणसूत्रे एक्स, तर पुरुषाचे एक एक्स व एक वाय. पॅरिसमध्ये लेजून व त्याच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली दाखविले की, डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत एकविसाव्या जोडीत एक गुणसूत्र अधिक असते. मातेने ग्रहणात काही चिरले म्हणून असे मूल झाले, या जुन्या समजुतीस त्या एका चित्राने उत्तर दिले. अर्थात कॅरिओटाइप सर्वच सांगतो असे नव्हे. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया हे विकार सामान्यतः जनुकातील अतिसूक्ष्म फरकाने होतात. तो फरक या चित्रात दिसत नाही.

आता त्या तोकड्या गुणसूत्राकडे वळू. १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे नॉवेल व हंगरफर्ड यांना दीर्घकालीन मायलॉइड रक्तकर्करोगाच्या रुग्णांत एक विलक्षण लहान गुणसूत्र आढळले. त्यास त्या शहराचेच नाव मिळाले. गळालेला तुकडा गेला कोठे, हे पुढील तेरा वर्षे कळले नाही. १९७० च्या सुमारास गुणसूत्रांवर आडवे पट्टे उमटविणारी रंगपद्धती निघाली. तिच्या आधारे शिकागोच्या जॅनेट रौली यांनी घरच्या जेवणाच्या टेबलावर छायाचित्रांचे कपटे मांडून कोडे सोडविले. बाविसाव्या गुणसूत्राचा तुकडा नवव्यास जाऊन चिकटला होता, आणि नवव्याचा लहानसा तुकडा बाविसाव्यावर आला होता. १९७३ साली हे प्रसिद्ध झाले. या अदलाबदलीत दोन जनुके एकत्र जोडली जातात व त्यांपासून एक विकृत प्रथिन बनते. ते पांढऱ्या पेशींना अखंड वाढण्याची आज्ञा देत राहते. शत्रू इतका नेमका सापडल्यावर केवळ त्यालाच अडविणारे औषध शोधणे शक्य झाले. ते औषध म्हणजे इमॅटिनिब. अमेरिकेत त्याला २००१ साली मान्यता मिळाली. पूर्वी हा रोगी बहुधा काही वर्षांतच दगावत असे; आता औषध लागू पडल्यास तो जवळजवळ पूर्ण आयुष्य जगू शकतो. मात्र बहुतेकांना गोळी रोज, वर्षानुवर्षे, घ्यावी लागते.

किमतीचा प्रश्न येथेच उभा राहिला. नोव्हार्टिस कंपनीची गोळी घेणाऱ्यास भारतात महिना सुमारे १,२०,००० रुपये लागत, तर देशी कारखान्यांच्या त्याच औषधास ८,००० ते १०,०००. कंपनी अनेक रुग्णांना औषध विनामूल्य देत असे, हेही नमूद केले पाहिजे. पण दानावर विसंबून राहणे आणि परवडणारे औषध दुकानात मिळणे यांत अंतर आहे. औषधाच्या एका विशिष्ट स्फटिकरूपाच्या एकस्वासाठी कंपनीने १९९८ साली चेन्नईच्या पेटंट कार्यालयात अर्ज केला होता. त्यास विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. जानेवारी २००६ मध्ये तो फेटाळला गेला. ज्ञात पदार्थाचे नवे रूप अधिक गुणकारी नसेल तर ते नवा शोध ठरत नाही, अशी तरतूद २००५ च्या दुरुस्तीने कायद्याच्या कलम ३(घ) मध्ये झाली होती. तिलाच कंपनीने मद्रास उच्च न्यायालयात आव्हान दिले. ते २००७ साली निष्फळ ठरले. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही एकस्व नाकारले.

या रोगात निदानासाठी बहुधा रक्ताऐवजी अस्थिमज्जा घेतात. तेथील पेशी आपण होऊनच विभागत असल्याने राजम्याच्या द्रव्याची गरज पडत नाही. तंत्रज्ञ साधारणतः वीस पेशींची गुणसूत्रे तपासतो. उपचारापूर्वी तोकडे गुणसूत्र बहुधा त्या सर्वांत असते. काही महिने गोळी घेतल्यानंतर पुन्हा तपासावे, तर उपचार लागू पडलेल्या रुग्णाच्या विसांपैकी एकाही पेशीत ते सापडू नये, अशी अपेक्षा असते.