मालक नसलेल्यांचा आरोग्यविमा

नोकरीतून मिळणाऱ्या आरोग्यविम्याची चर्चा सहसा कारखाना किंवा कंपनी समोर ठेवून होते. परंतु त्या विम्याचे मर्म म्हैसूर जिल्ह्यातील बैलकुप्पे या गावाकडे पाहिले की अधिक स्पष्ट होते, कारण तेथील तिबेटी वसाहतीतल्या बहुसंख्य कुटुंबांना मालकच नाही. 1960 मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्याने दिलेल्या जमिनीवर, जंगल साफ करून उभ्या राहिलेल्या या वसाहतीत पावसाळ्यात मका पिकवायचा आणि थंडीत स्वेटरांचे गठ्ठे घेऊन दूरची शहरे गाठायची, असा अनेक कुटुंबांचा वर्षक्रम आहे. महाराष्ट्रातील शहरांत दिवाळीनंतर मांडली जाणारी तिबेटी स्वेटरांची दुकाने वाचकांच्या परिचयाची आहेतच. बैलकुप्प्यातील सेरा आणि नामद्रोलिंग या मठांतील भिक्षूंकडे तर पगाराची पावती असण्याचा प्रश्नच येत नाही.

भारतातील नोकरीशी जोडलेल्या आरोग्यसुरक्षेचा पाया प्रा. बी. पी. आडारकर यांच्या 1944 च्या अहवालाने घातला आणि त्यातून 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. या योजनेत, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘ईएसआय’मध्ये, कामगाराच्या वेतनातून 0.75 टक्के कापले जातात आणि मालक 3.25 टक्के भरतो. 20,000 रुपये वेतनावर कामगाराचे 150 आणि मालकाचे 650 रुपये, असा हा महिन्याचा हिशेब. मात्र वेतनमर्यादा 2017 मध्ये 21,000 रुपये ठरली, आणि वेतन त्यापुढे गेलेला कामगार चालू अंशदान कालावधी संपताच योजनेबाहेर पडतो. हजार-दोन हजारांची पगारवाढ कुटुंबाच्या उपचारांचा आधार काढून घेते, ही या रचनेतील उघड विसंगती आहे.

असा विमा स्वस्त पडतो तो केवळ मालकाच्या वाट्यामुळे नव्हे. सगळे कामगार एकदमच योजनेत येत असल्याने निरोगी माणसाचे पैसे आजारी माणसाच्या उपचारांना लागतात. याउलट विमा ऐच्छिक असला की आजाराची चाहूल लागलेले लोक आधी येतात, हप्ता वाढतो, हप्ता वाढल्याने धडधाकट माणसे बाहेर राहतात आणि हप्ता आणखी चढतो; विमाशास्त्रात यालाच प्रतिकूल निवड म्हणतात. म्हणूनच केंद्रीय तिबेटी प्रशासनाच्या आरोग्य विभागाने 2012 मध्ये सुरू केलेल्या तिबेटी मेडिकेअर योजनेचे महत्त्व मोठे आहे: मालक नसलेल्या, विखुरलेल्या समाजाने वार्षिक वर्गणीच्या आधारे स्वतःचाच समूह उभा केला.

बैलकुप्पे ज्या राज्यात आहे त्या कर्नाटकात सहकारी संस्थांच्या सभासद शेतकऱ्यांसाठी 2003 मध्ये ‘यशस्विनी’ ही आरोग्ययोजना प्रत्यक्ष सुरू झाली, तेव्हा सभासदाची वर्गणी माणशी वर्षाला 60 रुपये होती. येथे मालकाची जागा सहकारी संस्थेने घेतली. पुढे दुसऱ्या योजनेत विलीन झालेली यशस्विनी राज्याने 2022 मध्ये पुन्हा उभी केली. महाराष्ट्राने तर त्याहून जुनी आणि अधिक धीट वाट काढली आहे. 1969 च्या माथाडी कायद्याने हमालाला ठरावीक मालक नाही हे गृहीत धरले आणि त्याच्याकडून काम करून घेणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला मजुरीबरोबर लेव्ही, म्हणजे मजुरीच्या प्रमाणात ठरलेली जादा रक्कम, मंडळात भरणे भाग पाडले. भविष्यनिर्वाह निधीपासून औषधोपचारापर्यंतची तरतूद त्यातूनच होते. अॅपवरून काम मिळवणाऱ्या आजच्या डिलिव्हरी कामगारांबाबतही प्रथम विचारात घ्यावा असा हाच नमुना आहे.

अलीकडच्या सुधारणांचा रोख मात्र वेगळा दिसतो. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील 18 टक्के जीएसटी रद्द झाला, पण समूहविम्यावर तो कायम राहिला. म्हणजे 10,000 रुपयांच्या हप्त्यावर छोट्या उद्योजकाला आजही 1,800 रुपये कर द्यावा लागतो. ज्या रचनेत जोखीम सर्वाधिक वाटली जाते, तिच्यावरच कर ठेवणे समर्थनीय नाही.

शिवाय रुग्णालयाचे बिल हा आजारपणाचा एकच भाग असतो. ईएसआयचा पात्र कामगार आजारी पडला तर त्याला वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के रक्कम मिळते, तर वर्गणीवर चालणाऱ्या योजना मुख्यतः रुग्णालयाचा खर्च उचलतात. बैलकुप्प्याच्या विक्रेत्याला ऐन थंडीत सुमारे 80 किलोमीटरवरच्या म्हैसुरात दाखल व्हावे लागले, तर त्या महिन्यात न विकलेले स्वेटर पुढच्या हिवाळ्यापर्यंत गठ्ठ्यातच राहतात.