भावी हवामानाची बेरीज

बेरीज ही अंकगणितातील सर्वांत सोपी क्रिया, असे आपण शाळेपासून मानत आलो आहोत. परंतु चार आकडे एकत्र करणे आणि ते एकत्र करण्याजोगे आहेत की नाहीत हे ओळखणे, या दोन अगदी निराळ्या गोष्टी होत. पहिली संगणक क्षणार्धात करतो. दुसरी मनुष्यालाच करावी लागते. पृथ्वीच्या भावी हवामानाविषयी जे अंदाज आज जगापुढे मांडले जातात, त्यांच्या संदर्भात हा भेद किती महत्त्वाचा आहे, हे आजच्या भाषणात पाहावयाचे आहे.

कोळसा किती जळेल, लोकसंख्या किती वाढेल, जंगले किती उरतील, अशी काही गृहीते धरून शतकाच्या अखेरपर्यंतचे जे संभाव्य चित्र रेखाटले जाते, त्याला परिदृश्य म्हणतात. आंतरशासकीय हवामान-बदल मंडळाच्या सहाव्या अहवालासाठी अशी तीन हजारांहून अधिक परिदृश्ये गोळा झाली. त्यांपैकी १२०२ परिदृश्यांच्या तापमानवाढीचा हिशोब २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या भागात विचारात घेतला गेला. ही आकडेवारी व्हिएन्नाजवळील लाक्झेनबर्ग येथील आंतरराष्ट्रीय उपयोजित प्रणाली-विश्लेषण संस्थेने सांभाळली आहे. १९७२ साली, शीतयुद्धाच्या काळात, अमेरिका आणि सोव्हिएत रशिया या दोहोंच्या सहभागाने स्थापन झालेली ही संस्था एका जुन्या राजवाड्यात नांदते.

या आकडेवारीची मांडणी आपल्या पेढीवरील खातेवहीसारखी आहे. प्रत्येक ओळीत प्रतिमानाचे नाव, परिदृश्याचे नाव, प्रदेश, चल, एकक आणि वर्षवार आकडे असतात. चलाच्या नावातच मुख्य खाते आणि पोटखाते उभ्या रेघेने वेगळे केलेले असते: प्राथमिक ऊर्जा, तिच्यापोटी कोळसा, कोळशापोटी वीजनिर्मितीस लागणारा कोळसा. पोटखात्यांवरून मुख्य खात्याची रक्कम काढण्यासाठी पायथन या संगणकभाषेतील ‘पायॅम’ नावाच्या साधनसंचात ‘अ‍ॅग्रिगेट’ नावाचे फंक्शन आहे. फंक्शन म्हणजे एकदा लिहून ठेवलेली आणि नाव घेताच कामाला लागणारी आज्ञावली. मुख्य खात्याचे नाव सांगितले की ते नेमकी एक पायरी खालची खाती शोधते आणि त्यांची बेरीज करते. त्यामुळे कोळसा आणि त्याच्या पोटातील विजेचा कोळसा असे दोनदा मोजले जात नाही.

मात्र येथेच पहिला धोका आहे. कोळसा, तेल, वायू यांच्याच पायरीवर ‘जीवाश्म इंधने’ असेही एक खाते पुष्कळदा असते. त्यात ही तिन्ही आधीच आलेली असतात. फंक्शनला हे नाते ठाऊक नसते. ते फक्त पायरी ओळखते. म्हणून जाणकार मनुष्य घटकांची यादी स्वतः लिहून देतो. दुसरा धोका रिकाम्या खात्याचा. एखाद्या प्रतिमानाने एखाद्या क्षेत्राचा आकडाच दिला नसेल, तर उरलेल्यांची बेरीज बिनतक्रार होते आणि ‘माहीत नाही’ याचा अर्थ गुपचूप ‘शून्य’ असा होऊन बसतो. यासाठी मूळ एकूण आणि घटकांची बेरीज ताडून पाहणारे दुसरे फंक्शन दिलेले आहे. ते न वापरणे म्हणजे रोजकीर्द न पाहता ताळेबंदावर सही करण्यासारखे आहे.

तिसरा धोका एककांचा, आणि तो सर्वांत फसवा. समजा, एका वर्षी कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन ४०,००० दशलक्ष टन, मिथेनचे ३५० दशलक्ष टन आणि नायट्रस ऑक्साइडचे १०,००० हजार टन आहे. नुसते आकडे मिळवले तर ५०,३५० येतात. या संख्येला काहीच अर्थ नाही. प्रत्येक वायूची उष्णता अडवण्याची शक्ती निराळी असल्यामुळे आधी त्यांचे कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत रूपांतर करावे लागते. २०१३ सालच्या पाचव्या अहवालातील शंभर वर्षांच्या मापाने मिथेनचा गुणक २८ आणि नायट्रस ऑक्साइडचा २६५. त्याप्रमाणे खरी बेरीज ५२,४५० दशलक्ष टन होते. चुकीचे उत्तर बरोबर उत्तराच्या इतके जवळ आले, हा निव्वळ योगायोग. पण अशा योगायोगामुळेच चूक कोणाच्या डोळ्यांत येत नाही.

शिवाय गुणकही अचल नाही. मिथेनसाठी तो १९९५ साली २१, २००७ साली २५ आणि २०१३ साली २८ होता. शंभरऐवजी वीस वर्षांचे माप घेतले तर तोच ८४ होतो, आणि वरील बेरीज ७२,०४० वर जाते. वायू तेवढाच, हिशोब मात्र निराळा! पायॅममध्ये भिन्न एककांचे आकडे आपोआप मिसळले जात नाहीत. आणि रूपांतर करताना कोणत्या अहवालाचा गुणक घ्यावयाचा, हे नाव घेऊन सांगावे लागते. ही सक्ती त्रासाची वाटली तरी हितकर आहे.

काही चलांची बेरीज मुळी करावयाचीच नसते. कार्बनची किंमत एका प्रदेशात दर टनास १० आणि दुसऱ्यात १०० असेल, तर एकत्रित किंमत ११० म्हणणे हास्यास्पद, आणि ५५ म्हणणेही दिशाभूल करणारे होय. पहिल्याचे उत्सर्जन ९०० टन व दुसऱ्याचे १०० टन असेल, तर भारित सरासरी केवळ १९ येते. प्रदेशांचे आकडे एकत्र करणाऱ्या फंक्शनला असा भार सांगता येतो.

श्रोतेहो, ही केवळ कारकुनी बारकाव्याची चर्चा नव्हे. तापमानवाढ दीड अंशाच्या आसपास रोखू पाहणाऱ्या परिदृश्यांत कार्बन डायऑक्साइडचे निव्वळ उत्सर्जन साधारणतः २०५०च्या सुमारास शून्यावर येते. सर्व हरितगृह वायूंची बेरीज, जेथे ती शून्यावर येते तेथेही, कित्येक दशके उशिरा येते. म्हणून कोणी ‘निव्वळ शून्य’ असा शब्द उच्चारला, की कोणत्या वायूंची बेरीज, कोणत्या गुणकाने, जंगले आणि जमीन धरून की वगळून, हे तीन प्रश्न नागरिकांनी अवश्य विचारावेत. बेरीज संगणक करील. तिची जबाबदारी मात्र विचारणाऱ्यावर आणि सांगणाऱ्यावरच राहील.