गव्हाच्या वाटेवरची गावे

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात गुडीव्ह, हबर्ड, इटुना, जास्मिन, केलिहर, लेस्टॉक ही गावे एकाच लोहमार्गावर ओळीने लागतात, तीही इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने. विसाव्या शतकाच्या आरंभी ग्रँड ट्रंक पॅसिफिक कंपनी रूळ टाकत पश्चिमेकडे निघाली आणि अशी नावे देत गेली. दोन स्थानकांतले अंतरही हिशेबाने ठरलेले असे. शेतकऱ्याने घोडागाडीत गहू भरून सकाळी निघावे, माल घालून दिवेलागणीला घर गाठावे, एवढे.

शेतकरी आले ते १८७२च्या जमीन कायद्यामुळे. १० डॉलर भरून १६० एकर मिळत; अट एवढीच की तीन वर्षे तिथे राहायचे आणि रान मोडून पेरायचे. युक्रेनियन, जर्मन, नॉर्वेजियन कुटुंबे या माळावर शेजारी झाली. पण ही जमीन बेवारस नव्हती. १८७४च्या चौथ्या कराराने क्री, सोल्तो आणि असिनिबोईन या मूळनिवासी लोकांना राखीव तुकड्यांत कोंडले गेले, आणि मग उरलेल्या विस्तारावर ही वस्ती उभी राहिली. या माळावरच्या एकोप्याविषयी बोलताना हे विसरणे अन्यायाचे आहे.

गावाची खूण म्हणजे धान्याचा एलिव्हेटर. लाकडी फळ्या आडव्या एकावर एक ठोकून उभारलेला हा उंच मनोरा सपाट माळावर कोसभरावरून दिसे. गाडी आत शिरून काट्यावर उभी राही, गहू खालच्या खड्ड्यात ओतला जाई, पट्ट्यावरच्या बादल्या तो माथ्यापर्यंत चढवीत आणि तिथून तो प्रतवारीनुसार कप्प्यांत पडे. वजन आणि प्रत ठरवणारा कंपनीचा माणूस. तिथेच शेतकरी नाडला जाई. म्हणून १९०१मध्ये इंडियन हेड इथे शेतकऱ्यांनी संघटना उभारली. वॅगन देताना डावलले म्हणून पुढल्याच वर्षी सिंटालुटाच्या शेतकऱ्यांनी रेल्वेच्या स्थानिक एजंटाला कोर्टात खेचले आणि खटला जिंकला. १९२४मध्ये सस्कॅचेवान व्हीट पूल ही त्यांची सहकारी संस्था आली आणि गावोगावच्या एलिव्हेटरवर तिचे नाव दिसू लागले.

या गावांचे सर्वांत मोठे देणे मात्र गव्हाचे नाही. १९१४च्या सुमारास होल्डफास्टचे डॉक्टर गाव सोडायच्या बेतात होते. विरळ वस्तीत त्यांचा चरितार्थ चालेना. सार्निया या ग्रामीण पालिकेने करातून त्यांना १,५०० डॉलर देऊन थांबवून घेतले. तेव्हा तसा कायदाच नव्हता. तो दोन वर्षांनी, १९१६मध्ये झाला. मग एकेका पालिकेने पगारी डॉक्टर नेमला, शेजारच्या पालिकांनी मिळून रुग्णालये बांधली. तिशीच्या दशकात पाऊस गेला, माती उडाली, गव्हाचा भाव कोसळला आणि डॉक्टरची फी देणे जवळजवळ कुणालाच जमेना. तेव्हा ही पद्धत आणखी पसरली. १९४६मध्ये स्विफ्ट करंट परिसराने अख्ख्या विभागाला डॉक्टर आणि रुग्णालय दोन्ही मिळवून दिले. १ जुलै १९६२ला प्रांतभर सार्वजनिक आरोग्य विमा लागू झाला, तेव्हा डॉक्टरांनी २३ दिवस संप केला. तरी योजना टिकली आणि पुढे देशाने उचलली. श्रेय प्रांताचे माजी प्रीमियर टॉमी डग्लस यांना दिले जाते, ते योग्यच. पण ते सत्तेवर येण्याआधी तीसेक वर्षे, एका पालिकेच्या मंडळींनी कायद्याची वाट न पाहता हात पुढे केला होता, हे मोठे धाडस होते.

मग ट्रक आले, रस्ते सुधारले आणि घोड्याच्या चालीने मोजलेली अंतरे निरर्थक झाली. १९९५मध्ये धान्याच्या रेल्वेभाड्यावरची सवलत संपली. आडमार्गाचे रूळ उखडले, लाकडी एलिव्हेटर पाडले गेले, त्यांच्या जागी दूरवर काँक्रीटची प्रचंड कोठारे आली. शेते मोठी झाली, माणसे कमी. शाळा बंद पडली की तरुण कुटुंबे हलतात, आणि मग दुकान फार काळ तग धरत नाही.

तरी हिवाळ्यात कर्लिंग या खेळासाठीचा बर्फ गावकरीच तयार करतात. सुगी आटोपली की सामुदायिक सभागृहात जेवण होते: टर्की, बटाटे, युक्रेनियन घरांतले कोबीचे रोल, आणि घराघरांतून आलेले गोड ‘पाय’ (pie). कुणी शेतकरी ऐन कापणीत आजारी पडला, तर शेजारी आपापली यंत्रे घेऊन येतात आणि इर्जिक घालून त्याचे शेत उरकतात. वस्ती फारच घटली, की गाव स्वतःची पालिका विसर्जित करून भोवतालच्या ग्रामीण पालिकेत सामील होते. सभागृहाची समिती मात्र अनेक ठिकाणी चालूच राहते, आणि छपराच्या दुरुस्तीसाठी पुढचे जेवण कधी ठेवायचे हे तीच ठरवते.